टिटवीची खोड

माझं विमान खरंखुरं उडतंय, ही बातमी मला मटार सोलताना कळली.

“वसुधा परचुरे मॅडम बोलता का?” फोनवर एक तरुण मुलगी होती. “मी संपदा मडावी. भामरागडकडून बोलून राहिले. पायलट आहे जी मी. तुमची टिटवी उडवते.”

“राँग नंबर,” म्हणून मी फोन ठेवून दिला.

तिनं परत केला. मला वाटलं, कुणीतरी एकट्या बाईची चेष्टा करतंय. टिटवी नावाचं विमान होतं खरं, आणि ते मीच काढलेलं होतं. पण ते सातनद्यांच्या देशातल्या युद्धातलं विमान होतं आणि सातनद्यांचा देश माझ्या सांगलीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाबाहेर कुठेही नव्हता.

“बांबूचा सांगाडा, वरून कापड, पेशंट समोर नाकात,” ती मुलगी म्हणाली. “नेटवर सगळ्यांसाठी ठेवलेली फाइल मिळाली, तिच्यावर तुमचंच नाव आहे. आमच्या संस्थेनं घडणयंत्रावर सुटे भाग काढले आणि जोडले. बांबू तर इथे दारातच आहे. मस्त उडते, मॅडम. नदीतल्या वाळूवर उतरते. थँक्यू म्हणायला फोन केला.”

मटारची परात बाजूला सारून मी उभी राहिले. खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. कुपवाडच्या एका कारखान्यात बसच्या बॉडीची ड्रॉइंग्ज करण्यात माझी सगळी नोकरी झाली. आयुष्यभर चौकोनी वस्तू काढल्या. माझी एक तरी रेघ हवेत गेली, हे ऐकून मी हुरळून गेले. मग एकदम एक गोष्ट आठवली.

“संपदा, तुम्ही कच्ची फाइल घेतलीत की पक्की?”

“पक्की. पक्कीच घेतात ना?”

आता आमचा खेळ सांगायला हवा, नाहीतर मी असं का विचारलं ते कळायचं नाही. आम्ही चौघं दर रविवारी टेबलाभोवती जमायचो. प्रत्येकाचं एकेक काल्पनिक पात्र, हातात फासे, आणि जे व्हायचं ते बोलण्यातून व्हायचं. दिगंबर सावळे आमचा सूत्रधार. देश त्याचा, युद्ध त्याचं, हवामानसुद्धा त्याचं. तो कॉलेजात इतिहास शिकवायचा, त्यामुळे त्याच्या युद्धात तोफा कमी आणि चिखल जास्त असायचा. त्याची बायको नलिनी नर्स होती. चौथा फिरोज मुलाणी, तो पुढे मुलाकडे कॅनडात गेला आणि तिकडचाच झाला. लागणारी यंत्रं मी काढायची, हे ठरूनच गेलं होतं.

टिटवी त्यातली सगळ्यात लाडकी. लांबलेल्या युद्धात देशातलं अॅल्युमिनियम संपलंय, म्हणून बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेला सांगाडा. काम एकच, नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर उतरायचं, एक जखमी उचलायचा आणि शत्रूला पत्ता लागायच्या आत निघायचं. स्ट्रेचर पुढे नाकात, त्याच्याखाली पेट्रोलची टाकी, मागे पायलट, त्याच्यामागे इंजिन आणि पंखा. एक चाक पुढे आणि दोन मागे, त्यामुळे जमिनीवर ती नाक खाली घालून शेपूट उचलून उभी राहायची.

आणि आमचा एक नियम होता. निर्दोष यंत्रानं खेळात मजा राहत नाही, म्हणून प्रत्येक यंत्राला एक खोड हवी. ती काढणाऱ्यानं घालायची नाही, कारण कुणालाच आपल्या लेकराला नावं ठेवता येत नाहीत. ती घालायची त्याच्या डावीकडे बसणाऱ्यानं, गुपचूप. एरवी निरुपद्रवी अशा तीन गोष्टी एकत्र आल्या तरच खोड निघायची. खेळताना त्या तीन गोष्टी जुळल्या की डावीकडचा माणूस टेबलावर थाप मारून “खोड!” म्हणून ओरडायचा. मग फासे. मग कोण वाचलं ते कळायचं.

माझ्या डाव्या हाताला नलिनी बसायची. टिटवीला तिनं खोड घातली, फाइल पक्की केली आणि डोळे मिचकावून म्हणाली, “वसू, ही तुला रडवणार बघ.” त्यानंतर महिन्याभरात तिचं दुखणं निघालं. टिटवी टेबलावर आलीच नाही. ती खोड कुणालाच कळली नाही.

तुम्ही म्हणाल, फाइल उघडून बघायची. तसं होत नाही. पूर्वी इंजिनियर आधी चित्र काढायचे आणि मग ते चालेल का याचं गणित करायचे. रचनायंत्र आलं आणि हे उलटं झालं. आपण साध्या वाक्यांत सांगायचं की वस्तू कशी वागायला हवी. यंत्र त्या वागणुकीपासून मागे मागे जात प्रत्येक फळी, वायर आणि खिळा ठरवतं. फाइल पक्की केली की सांगितलेली वाक्यं पुसली जातात, उरते फक्त वस्तू. आणि यंत्राच्या लेखी खोड हीसुद्धा एक वागणूकच. तिच्यासाठी ते शेकडो भाग केसभर इकडे तिकडे करतं. आमटीत विरघळलेलं मीठ परत काढता येत नाही, तसंच हे. चाचण्या घ्याव्यात तर कोणत्या तीन गोष्टी एकत्र आणायच्या ते माहीत हवं.

हे सगळं मी संपदाला सांगितलं.

“मॅडम, हे तुम्ही मला सांगायलाच नको होतं,” ती म्हणाली.

“अगं, जिवाशी खेळ आहे. उडू नकोस तू.”

“खोड आहे असं मी संस्थेला सांगितलं तर विमान जागीच उभं करून ठेवतील. नवीन बांधायला वर्ष जाईल. इथे पाऊस लागला आहे, पूल वाहून गेला, वाळूचा एक उंच पट्टा तेवढा पाण्याबाहेर आहे. नदीपल्याड एक बाई अडकली आहे, पहिलटकरीण, दिवस भरलेत, डॉक्टर म्हणतात सिझर लागेल. उद्या आणायची आहे तिला.” तिचा आवाज चढला नाही. “खोड आहे एवढं सांगून काय उपयोग? कोणती ते सांगा. माहीत असलेली खोड मी सांभाळून घेईन. उद्या सकाळपर्यंत थांबते जी मी. त्यानंतर जाईन, तुम्ही सांगा नाहीतर नका सांगू.”

नलिनीच्या मनातलं जगात कुणाला माहीत असेल तर ते दिगंबरला. तो हरिपूरला राहतो, माझ्या घरापासून असा किती लांब? पण नलिनी गेल्यापासून आम्ही बोललेलो नव्हतो. ती गेली त्यानंतरच्या एका रविवारी मी टेबल मांडलं, फासे काढले आणि त्याला फोन केला. म्हटलं, “ये, टिटवी खेळायला काढू या.” त्यानं एक शब्द न बोलता फोन ठेवला. मला वाटलं, त्याला मी निर्दय वाटले. मलाही राग आला. माझी मैत्रीण गेली होती, मला विचारायला कोण आलं होतं? दोघंही ताठ. त्यात वर्षं गेली. मंडईत दिसला तर मी मेथी निवडत असल्याचं नाटक करायची.

दुपारी बिनचालकाच्या रिक्षानं निघाले. रिक्षावाल्याशी दोन शब्द बोलायची सोयही आता राहिलेली नाही. हरिपूरच्या रस्त्यावर मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही पटत नव्हतं.

दार त्यानंच उघडलं. वाळला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण वर आणि एक खाली.

“वसू,” तो म्हणाला. एवढंच. आत ये म्हणाला नाही, पण दारातून बाजूला झाला.

मी खुर्चीवर बसले आणि जुळवलेलं एकही वाक्य न बोलता सगळं सांगून टाकलं. तो खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता.

“नलूनं तुला खोड सांगितली होती का?”

“नाही. नियमच होता तसा.”

“मग आपण शोधू. तू सूत्रधार हो, मी टिटवी उडवते. नलू कसा विचार करायची ते आपल्या दोघांनाच माहीत आहे.”

“नाही.”

“दिगंबर, एका मुलीचा जीव आहे.”

“मला कळतंय ते!” तो ओरडला. मग खाली बसला. “तुला काय वाटलं होतं, मी त्या दिवशी फोन का ठेवला?”

“माझा राग आला म्हणून.”

“तुझा कसला राग.” त्यानं तळहातानं डोळे चोळले. “टिटवी टेबलावर आलेली नाही, तोपर्यंत नलूची एक चाल बाकी आहे. तिचे कपडे मी देऊन टाकले. तिचा आवाज आता नीट आठवत नाही. पण तिनं करून ठेवलेलं आणि मला अजून न कळलेलं असं एक काहीतरी आहे. ती कधीतरी मला चकवणार आहे अजून. त्याच्यावर मी दिवस काढलेत. आणि तू ते संपवायला आली आहेस.”

इतकी वर्षं मी त्याच्यावर उगाच रुसून बसले होते, आणि तो इथे एकटा त्या न खेळलेल्या चालीला जपत बसला होता. मला त्याची कणव आली आणि संतापही आला. नलू माझीही होती. तिची ती चाल माझ्याच विमानात होती, आणि ती मला हवी होती की नको, हे मलाही कुणी विचारलं नव्हतं.

“तिला काय वाटलं असतं?” मी विचारलं. “खोटं विमान म्हणून तिनं केलेली गंमत, आणि खरी पोरगी गेली तर?”

तो उठून आत गेला. भांड्यांचा आवाज आला. चहा टाकला असावा असं वाटलं, पण बाहेर आला तो हात हलवत.

“शेवटच्या आठवड्यात तिनं मला एक विचारलं होतं,” तो उभ्याउभ्याच म्हणाला. “‘दिगू, तुझ्या देशात परतताना पाऊस लागतो का रे?’ मला वाटलं, तापात बोलतेय. मी म्हटलं, नाही, ऊन असतं. छान ऊन असतं. दुसरं काय सांगणार होतो मी तिला? ती हसली. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती नवऱ्याला विचारतच नव्हती. सूत्रधाराला विचारत होती.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“एवढंच माहीत होतं. त्याच्यापुढे मी विचार केला नाही. मुद्दामच केला नाही.”

मी त्याला बसवलं. टेबलावरचे पेपर आणि औषधाच्या पट्ट्या बाजूला केल्या. कागद घेतला आणि टिटवी काढायला लागले. रेघा आपसूक येत होत्या. आमच्यात एक खुर्ची मोकळी होती आणि आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो.

“पाऊस,” मी म्हणाले. “ही झाली एक गोष्ट. दुसऱ्या दोन?”

“परतताना,” दिगंबर म्हणाला. “तिच्या सगळ्या खोडी परतीच्या वाटेवरच असायच्या. आठवतं? फिरोजची आगबोट बंदरात शिरताना बुडवली होती तिनं. म्हणायची, आमच्या वॉर्डात ऑपरेशनच्या दिवशी सगळे जागे असतात, पेशंट दगावतो तो डिस्चार्जच्या दिवशी, कारण तेव्हा कुणी बघत नसतं.”

“परतताना काय बदलतं? जखमी दवाखान्यात सोडला. स्ट्रेचर रिकामं.”

“आणि पेट्रोल संपत आलेलं.”

दोन्ही वजनं नाकातली. दोन्ही गेल्यावर टिटवी मागे जड होते, पण त्याचा हिशेब मी केलेला होता. तेवढ्यानं काही बिघडत नाही. आणखी थोडं वजन अगदी शेपटाच्या टोकाला पडलं तर मात्र बिघडेल. उतरताना वेग कमी असतो. तेव्हा नाक आपोआप वर उचलत जाईल, काही केल्या खाली येणार नाही, पंखांवरची हवा सुटेल आणि विमान दगडासारखं खाली येईल. पण शेपटाच्या टोकाला वजन येणार कुठून?

“पाणी,” मी म्हणाले. “दिगंबर, शेपूट पोकळ आहे. वरून कापड. पावसात आत पाणी झिरपणारच. ते जायला भोकं असतात.”

“मग जातं ना ते?”

“जमिनीवर जातं. जमिनीवर तिचं नाक खाली असतं, म्हणून भोकं शेपटाच्या पुढच्या बाजूला. पण हवेत हळू उडताना नाक वर असतं. पाणी मागे जाणार आणि टोकाला साचून बसणार. आणि उतरल्यावर नाक खाली आलं की सगळं वाहून जाणार. कुणी तपासलं तरी शेपूट कोरडं ठाक सापडेल.”

दिगंबर त्या चित्राकडे बघत राहिला. मग तो हसला, अगदी मनापासून. “भारी होती गं ती,” म्हणाला. आणि हसता हसताच त्याचा चेहरा उतरला, कारण ती चाल आता खेळून झाली होती.

आम्ही संपदाला फोन लावला. मी सांगितलं, पेट्रोल कमी ठेव, स्ट्रेचर काढ, शेपूट दोघातिघांनी खाली दाबून धरा, उतरताना नाक असतं तेवढं वर येऊ द्या, आणि कापडावर पाणी ओता. तिनं फोन तिथेच कुठेतरी ठेवला. बादल्यांचे आवाज येत होते. कुणीतरी गोंडीत काहीतरी ओरडलं. दिगंबर टेबलाची कड धरून बसला होता.

“मॅडम,” संपदा परत आली तेव्हा तिचा श्वास लागला होता. “पाणी ओततच राहिलो. बाहेर काहीच येत नाही. आता शेपूट दाबून धरायला माणसं लागत नाहीत जी. सोडली तरी वर येत नाही ती.”

दिगंबरनं चित्रातल्या शेपटाच्या टोकावर बोट ठेवलं.

“मी पावसातून आले आहे याच्यातनं,” ती हळू आवाजात म्हणाली. “दर वेळी समोर पेशंट होता. एकटी असते तर…”

“आता नीट ऐक,” मी म्हणाले. “शेपटाच्या अगदी मागच्या टोकाला, खालच्या बाजूला भोकं पाड. बांबूच्या पट्टीला धक्का लावायचा नाही, दोन पट्ट्यांच्या मधे फक्त कापडाला. कडेनं शिवून घे, नाहीतर फाटत जाईल. आणि परत ओतून बघ.”

तिनं बघितलं. पाणी गेलं.

मी निघाले तेव्हा दिगंबर दारापर्यंत आला. रविवारी येतोस का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्याकडे बघून मी ते गिळलं. ज्याचं शेवटचं काही आपण नुकतंच संपवलं, त्याला कुठल्या तोंडानं बोलावणार? घरी आले, सोललेले मटार तसेच पडले होते. त्यांची उसळ केली आणि एकटीनं खाल्ली. नलू गेली त्या दिवशी मी रडले नव्हते इतकी त्या उसळीवर रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपदाचा फोन आला. मी तिला दोनदा सांगायला लावलं आणि मग दिगंबरला फोन केला.

“पोचली,” मी म्हणाले. “बाई दवाखान्यात सुखरूप आहे. मुलगी झाली.”

“आणि ती परत आली? पाऊस होता?”

“वाटभर.”

“समोर कुणी होतं?”

“कुणी नव्हतं. टाकीही रिकामी होत आली होती. रिकामं विमान घेऊन आली आणि वाळूवर अलगद उतरली म्हणाली.”



“म्हणजे एकट्यानं परत येता येतं,” दिगंबर म्हणाला.

“येतं,” मी म्हणाले. “पाण्याला वाट करून द्यावी लागते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. फोन कानाला लावून त्याचं आवरेपर्यंत बसून राहिले.